प्रकल्प नोंदी : मामीची एक टीबी

शनिवार, 12 जुलै 2025

सकाळी साडेसातला घणसोलीहून मामीचा फोन. "अगं, डिस्क उघडत नाही. वापरायच्या आधी फॉरमॅट करा म्हणतंय. करू का?" मी "नको!" असं काही ओरडले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

काय झालं ते फोनवर एकेक करून काढून घेतलं. काल दुपारी दोनच्या सुमारास लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहिला, पण डिस्क लावली होती यूएसबी हबला आणि हबचा अडॅप्टर भिंतीत. त्यामुळे लॅपटॉप चालू आणि डिस्क मधेच बंद. नेमक्या त्या वेळी रेकॉर्डरच्या कार्डातून यंदाच्या लग्नांच्या पाच फाइली डिस्कवर जात होत्या. त्याही कॉपी नाही, कट-पेस्ट.

लाइट आल्यावर दादाने (मामेभाऊ) चार-पाच वेळा काढून-लावून बघितलं, मग चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) चालवलं. फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची व्यवस्था) रॉ, म्हणजे ओळखू न येणारी, दिसतेय, आपल्याला जमणार नाही, असं म्हणून चेकडिस्कने हात वर केले. नशीब! दुरुस्तीचा पर्याय दिला की चेकडिस्क नुसतं तपासत नाही, त्याला दुरुस्ती वाटते ते डिस्कवर लिहूनही टाकतं. आजारी डिस्कवर असं लिहिलेलं मागे घेता येत नाही.

डिस्कवर काय आहे याची नोंद, कारण पुढे मोजायला लागेल. मामी महापालिकेच्या शाळेत शिकवायची. 2011 पासून ती आगरी-कोळी लग्नांतल्या धवलारणींची (लग्नविधींची गाणी म्हणणाऱ्या बायकांची) गाणी रेकॉर्ड करतेय. 1970 साली सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) आली आणि 95 गावांच्या जमिनी नव्या शहरात गेल्या. त्यांतल्या जितक्या गावांत कोणी गाणारी उरली आहे तितक्या गावांत जायचं, हा तिचा निवृत्तीनंतरचा उद्योग. सुमारे 410 तासांचं वेव रेकॉर्डिंग, 260 जीबी. व्हिडिओ आणि फोटो धरून 640 जीबी.

"दुसरी प्रत?"
"निवडक गाणी एमपीथ्री करून पेनड्राइव्हवर आहेत ना."
म्हणजे नाही.

फोनवर दिलेले हुकूम: डिस्क काढून ठेव, आता कशालाच लावायची नाही. रेकॉर्डरमधलं कार्डही काढ. त्यात नवीन काही रेकॉर्ड करू नकोस, लॅपटॉपात घालू नकोस. दादाला डिस्कपासून लांब ठेव.

रविवार, 13 जुलै

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने घणसोलीला जाऊन डिस्क आणली. मामीने ती सुती ओढणीत गुंडाळून स्टीलच्या डब्यात दिली, जसा लाडू प्रवासाला देतात. दुसऱ्या डब्यात जवळ्याची चटणी, "श्रावण लागायच्या आत संपव" अशा ताकिदीसह. गाडीत दोन्ही डबे मांडीवर.

घरी आल्यावर आधी केबल. ही रुंद चपट्या पिनेची यूएसबी 3 केबल डिस्कच्या तोंडाशी हलते, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. दुसरी केबल लावली, हब न वापरता थेट लॅपटॉपला, आणि कान डिस्कला. फिरायला लागली, हेड उतरल्याचा बारीक आवाज आला, टकटक नाही. टकटक असती तर काम तिथेच थांबवून स्वच्छ खोलीवाल्या रिकव्हरी लॅबचा खर्च विचारला असता.

विंडोजला लावलीच नाही. डिस्क दिसली की विंडोज ती उघडायला बघतं, न उघडणारी जागा पुन्हा पुन्हा वाचतं, जमलं तर काहीबाही लिहितंही. पेनड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स प्रणाली) सुरू केलं आणि डिस्क आपोआप माउंट होणं, म्हणजे वापरासाठी उघडली जाणं, बंद केलं.

डिस्कचा आकार बरोबर दिसतोय: 10,00,20,48,86,016 बाइट. पार्टिशन टेबलही (डिस्कचे भाग कुठून सुरू होतात त्याचा तक्ता) वाचता येतंय. म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स, मोटर, हेड जिवंत आहेत. आतल्या कशाचा तरी पत्ता हरवलाय.

मग स्मार्टचे आकडे काढले, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. (यातला सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा.) या यादीत पन्नास ओळी असल्या तरी मी चारच बघते.
क्र. 5, बदललेले सेक्टर: 0
क्र. 197, निर्णय न झालेले सेक्टर: 48
क्र. 199, आतल्या जोडणीवरच्या चुका: 0
तापमान: 41

199 शून्य, म्हणजे डिस्कच्या आतल्या जोडणीवरचा आळ गेला. 197 मधले 48 हे असे सेक्टर की डिस्कने वाचायला घेतले आणि वाचता आले नाहीत. ते खरंच खराब आहेत की फक्त त्यांतला मजकूर बिघडलाय, हे डिस्कलाही अजून माहीत नाही. त्या जागेवर कोणी नवीन लिहिलं किंवा ती पुन्हा वाचता आली की मगच ती ठरवते: जागा ठीक निघाली तर ठेवते, नाहीतर राखीव जागेतला सेक्टर देऊन 5 चा आकडा वाढवते.

ठरलं: काय बिघडलंय ते शोधायचं नंतर. आधी संपूर्ण डिस्कची सेक्टर-टु-सेक्टर इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत. त्यानंतरचं सगळं काम इमेजवर, मूळ डिस्क डब्यात.

सोमवार, 14 जुलै

ऐरोलीहून परत येताना गोखले रोडवरून 2 टीबीची नवी डिस्क घेतली. दुकानात कशाला हवी ते बोलून बसले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "घेऊन या, खोलून बघतो, पाच मिनिटांचं काम." त्याच्या डोक्यावर पंखा गरगरत होता आणि रस्त्यावरची रिक्षांची धूळ थेट आत. डिस्कचं हेड तबकडीवरून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. त्या हिशोबात धुराचा एक कण म्हणजे रस्त्यात उभा केलेला ट्रक. "बघते" म्हणून बाहेर पडले.

घरच्या ग्रुपवर कुणीतरी सल्ला टाकला आहे की डिस्क पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव. जुलैत, ठाण्यात! इथे फ्रीजमधली पाण्याची बाटली बाहेर काढली की दोन मिनिटांत टेबल ओलं होतं. तेच पाणी तबकडीवर जमेल.

मंगळवार, 15 जुलै

साधन: डीडीरेस्क्यू. साधी कॉपी खराब जागेवर अडून बसते. हे तसं करत नाही. अडलं की पुढे उडी मारतं, सोपं तेवढं आधी पदरात पाडून घेतं आणि अडलेल्या जागा एका नकाशा फाइलमध्ये लिहून ठेवतं. काम मधेच थांबलं तरी नकाशावरून पुढे चालू होतं. ही नकाशा फाइल नव्या डिस्कवर ठेवली. पेनड्राइव्हवरचं उबुंटू बंद झालं की त्यात ठेवलेलं सगळं जातं, ही चूक मागे एकदा केली आहे.

यात सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे कुठून कुठे हे उलटं लिहिणं. एका अक्षराचा फरक, आणि 14 वर्षांवर कोरी डिस्क ओतली जाईल. दोन्ही डिस्क काळ्या, एकाच आकाराच्या. माझ्या पाकिटातली लाल टिकली काढून मामीच्या डिस्कला लावली. स्क्रीनवरचा सिरियल नंबर आणि टिकलीवालीच्या पाठीवरचा नंबर तीनदा मोठ्याने वाचून ताडून घेतला. मग एंटर.

रात्री 9.40 ला सुरू. पहिल्या फेरीत अडलेल्या जागा खरवडायच्या नाहीत, असा पर्याय दिलाय.
9.41: 3 जीबीच्या जरा पुढे पहिली अडचण. इतक्या लवकर?
9.45: वेग सेकंदाला 108 एमबी. बाहेरच्या कडेचे ट्रॅक लांब असतात म्हणून सुरुवात जोरात. आत आत जाताना हा निम्म्यावर येईल, घाबरायचं कारण नाही.
10.30: तापमान 49. टेबलफॅन आणून डिस्ककडे तोंड केलं. आई: "माणसं घामाघूम, आणि वारा डब्याला."
10.55: 418 जीबीपाशी वेग शून्य. डिस्क घुं करून थांबते, पुन्हा फिरते. सात मिनिटं. मग पुढे सरकली.
11.30: झोपते.

बुधवार, 16 जुलै

सकाळी पहिली फेरी पूर्ण. अडलेल्या जागा दोनच भागांत, 3 जीबीपाशी आणि 418 जीबीपाशी, मिळून 400 केबीच्या आत. बाकी सगळं नव्या डिस्कवर आलंय. डोळ्यांत पाणी वगैरे नाही आलं, पण दोन चहा झाले.

संध्याकाळी खरवडण्याची फेरी, सेक्टर-सेक्टर करत. मधे एकदा डिस्क यूएसबीवरून गळून पडली आणि परत आली ती वेगळं नाव घेऊन. आधीचं नाव तसंच ठेवून कमांड चालवली असती तर पंचाईत होती. पुन्हा टिकली, पुन्हा सिरियल नंबर.

शेवटी न मिळालेलं: 24,576 बाइट, म्हणजे 512 बाइटचे 48 सेक्टर. स्मार्टमधल्या 48 शी तंतोतंत. आणि या डिस्कचा आतला खरा सेक्टर 4,096 बाइटचा आहे, बाहेर तो 512 चे आठ करून दाखवते. तेव्हा खड्डे 48 नाहीत, सहाच. एक 3 जीबीपाशी, पाच 418 जीबीपाशी.

शुक्रवार, 18 जुलै

आज घरून काम. बाजूला तीन पुनर्प्रयत्न फेऱ्या लावल्या. अकराला लाइट गेली. डिस्क थेट लॅपटॉपवर असल्याने तिला पत्ताही लागला नाही, फक्त टेबलफॅन बंद पडला. वर्तमानपत्राने वारा घातला. (पुढच्या वेळेला यूपीएस.)

सहापैकी दोन खड्डे तिसऱ्या फेरीत वाचले गेले. राहिले चार, 16,384 बाइट. आणखी फेऱ्या लावायचा मोह झाला होता, पण दर फेरीला डिस्क जास्त कण्हतेय. थांबवलं. डिस्क ओढणीत, ओढणी डब्यात, डबा कपाटात.

शनिवार, 19 जुलै

आता शोध. एवढुशा खड्ड्यांनी अख्खी डिस्क का बंद व्हावी?

नकाशात पहिल्या खड्ड्याचा पत्ता 3,22,22,74,048 वा बाइट. पार्टिशन 10,48,576 व्या बाइटपासून सुरू होतं. वजा केलं: 3,22,12,25,472. याला 4,096 ने भागलं: 7,86,432. हा आकडा कुठेतरी पाहिलाय असं वाटत होतं, आणि मग बूट सेक्टरमध्येच (पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरमध्ये) सापडला. एनटीएफएसची (विंडोजच्या फाइल सिस्टिमची) मुख्य यादी, म्हणजे एमएफटी, याच क्लस्टरपासून (4,096 बाइटच्या गठ्ठ्यापासून) सुरू होते. कुठली फाइल कुठे आहे ते या यादीत असतं. ग्रंथालयातली सगळी पुस्तकं जागच्या जागी, पण सूचिपत्राच्या पहिल्या पानावर शाई सांडलेली.

त्या 4,096 बाइटमध्ये 1,024 च्या चारच नोंदी मावतात. पहिली खुद्द यादीची, दुसरी यादीच्या प्रतीची, तिसरी व्यवहारांच्या खातेवहीची, चौथी व्हॉल्यूमची. चौथ्या नोंदीत एक छोटी खूण असते, व्हॉल्यूम नीट बंद झालं की नाही याची, आणि ती वापरात असताना बदलत राहते. खूण बदलायची तर डिस्कला तो अख्खा 4,096 चा सेक्टर वाचून पुन्हा लिहावा लागतो. शुक्रवारच्या दुपारी लाइट त्याच क्षणी गेली असणार: अर्धा सेक्टर नवा, अर्धा जुना, चूक-तपासणीचा हिशोब जुळेना, सेक्टर वाचण्याजोगा राहिला नाही. शेजारच्या तीन नोंदी त्यात फुकट भरडल्या गेल्या.

गंमत अशी की एनटीएफएस बरोबर याच चार नोंदींची प्रत दुसरीकडे ठेवतं. टेस्टडिस्क (फाइल सिस्टिम दुरुस्त करायचं साधन) इमेजवर चालवलं. बूट सेक्टर ठीक, त्याची प्रत ठीक. फाइलींची यादी मागितली तर फाइल सिस्टिम खराब दिसतेय म्हणाला. मग एमएफटी दुरुस्तीचा पर्याय. (त्याआधी इमेजचे पहिले 4 जीबी लॅपटॉपवर कॉपी करून ठेवले. पूर्ण इमेजची दुसरी प्रत ठेवायची होती, पण 1 टीबीच्या दोन इमेज 2 टीबीच्या डिस्कवर मावत नाहीत. साधारण 11 एमबी कमी पडतात! फाइल सिस्टिमची जागा वेगळीच.)

दुपारी 3.20. यादी आली. "2011_दिवाळे", "2012_करावे", "2013_तुर्भे"… मामीला फोन केला. ती काही बोलली नाही, मग म्हणाली, "जेवलीस का?"

रविवार, 20 जुलै

आजचा दिवस माझ्या मूर्खपणाचा. लपवत नाही.

उरलेले खड्डे कुठल्या फाइलींत पडलेत ते कळायला डीडीरेस्क्यूची एक युक्ती आहे. नकाशात जिथे जिथे खराब लिहिलंय, तिथे इमेजमध्ये आपला एखादा शब्द भरायचा आणि मग सगळ्या फाइलींत तो शब्द शोधायचा. मी शब्द घेतला "खड्डा". चालवलं. इमेज माउंट केली तर पुन्हा कालचंच, फाइल सिस्टिम खराब.

पाऊण तास डोकं धरून बसले. मग उजेड पडला. नकाशाला काय माहीत की एमएफटीची पहिली जागा काल मी दुरुस्त केली? त्याच्या लेखी ती अजून खराबच. दुरुस्त केलेल्या चारही नोंदींवर "खड्डाखड्डाखड्डा" असं शिस्तीत लिहून मोकळा झाला.

टेस्टडिस्कने प्रतीवरून पुन्हा तीच दुरुस्ती. यादी परत आली. पुढच्यासाठी: आधी खुणा भरायच्या, मग दुरुस्ती.

इमेज फक्त वाचनापुरती माउंट करून शोध लावला. 640 जीबी चाळायला वेळ लागणार, रात्रभर चालू ठेवते.

सोमवार, 21 जुलै

"खड्डा" दोन फाइलींत. एक 2017 च्या हळदीचा व्हिडिओ, त्यात एक खड्डा. दुसरी 2014 ची कोपरखैरण्याची वेव फाइल, त्यात दोन, एकाला एक लागून: 43,51,79,520 व्या बाइटपासून 8,192 बाइट. सेकंदाला 1,76,400 बाइट या हिशोबाने ही जागा 41 मिनिटं 7 सेकंदांवर येते, आणि गेलेला आवाज सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी.

ऐकून बघितलं. 41.07 ला हेडफोनमध्ये असा खर्रकन आवाज की हेडफोन काढून फेकला. मग लक्षात आलं की हा डिस्कचा आवाज नाही. माझाच "खड्डा" हा शब्द प्लेअर आवाज समजून वाजवतोय. फाइलच्या प्रतीत तिथे शून्यं भरली. आता फक्त एक टक.

गुरुवार, 24 जुलै

दीप अमावास्या, ऑफिसातून लवकर सुटले. बाकीच्या फाइली काढून झाल्या. मामीकडे एक रजिस्टर आहे, शाळेतलं हजेरीचं असतं तसं लांबलचक: तारीख, गाव, गाणारीचं नाव, किती मिनिटं, शेरा. दादाने त्याचे फोटो पाठवले, ते आणि फाइली ताडून बघितल्या. 2011 ते 2024 सगळं जुळलं.

यंदाच्या पाच फाइलींपैकी तीन नीट वाजतात. पाचवी डिस्कवर नाहीच, म्हणजे तिची पाळी येण्याआधी लाइट गेली. ती कार्डावर असणार. घोळ चौथीचा आहे. नाव आहे, आकार बरोबर आहे, आत नुसती शून्यं. विंडोजने "झालं" समजून कार्डावरून ती उडवली आणि इकडे मजकूर तबकडीपर्यंत पोचलाच नाही.

शनिवार, 26 जुलै

दादा कार्ड घेऊन आला, 32 जीबी. फोनवरचा हुकूम पाळला होता, त्याला हात लागला नव्हता. कार्डाची आधी इमेज (सवय लागली), मग इमेजवर फोटोरेक (उडवलेल्या फाइली शोधायचं साधन). कार्डावरची फाइल उडवली की नावाचं पहिलं अक्षर आणि जागांची साखळी जाते, आवाज तिथेच पडून राहतो, दुसरं काही वर लिहिलं जाईपर्यंत. रेकॉर्डर एका वेळी एकच फाइल सलग लिहितो, त्यामुळे तुकडे जोडायची वेळ आली नाही. चौथी फाइल सापडली, 52 मिनिटं. नाव गेलं, ते रजिस्टरवरून दिलं. पाचवी जशीच्या तशी होती.

दादा शेजारी बसून सगळं बघत होता. "म्हणजे मी काढ-घाल केली ती…" मी काही बोलले नाही. जवळ्याची चटणी त्यालाच वाढली, श्रावण लागला तरी.

शनिवार, 2 ऑगस्ट

फाइलींच्या दोन प्रती झाल्या, दोन वेगळ्या डिस्कवर, चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ताळा) जुळलेले. आता टिकलीवालीची परीक्षा घ्यायला हरकत नाही.

आज सुरू करताना: 197 मध्ये 32, क्र. 5 मध्ये 0. आधी फक्त एमएफटीच्या त्या एका 4,096 बाइटवर शून्यं लिहिली. 197 झालं 24, क्र. 5 अजून 0. म्हणजे ती जागा धडधाकट होती, फक्त मजकूर फाटला होता. लाइटीचा अंदाज बरोबर.

मग पूर्ण डिस्कवर शून्यं, चार तास. 197 झालं 0 आणि क्र. 5 झालं 24. 418 जीबीपाशीचे तीन सेक्टर मात्र खरोखर गेलेले, डिस्कने त्यांच्या जागी राखीव दिले. हे दुखणं लाइटीचं नव्हे, जुनं. कोपरखैरण्याची ती फाइल 2014 नंतर बहुधा कोणी उघडलीच नव्हती, म्हणून कळलं नाही. लाइट गेली नसती तर अजूनही कळलं नसतं.

डिस्क कामातून बाद. हबसुद्धा.

रविवार, 3 ऑगस्ट

घणसोलीला दोन्ही प्रती नेल्या. एक मामीकडे, दुसरी दाखवून परत ठाण्याला आणायची, दर महिन्याला अदलाबदल. मामीला 41.07 ऐकवलं. तिने डोळे मिटून ऐकलं, टक आला तेव्हा भुवई हलली. "तिथे ती श्वास घेते," म्हणाली. "शब्द नाही गेला." पुन्हा लावायला सांगितलं. मग रजिस्टर उघडून 2014 च्या पानावर शेऱ्याच्या रकान्यात शाळेच्या अक्षरात लिहिलं: 41 मि. 7 से. टक. गाणं पूर्ण.